मांडवीपासून कामाठीबागेपर्यंत : बडोद्यातील मराठी मुलांचा परिसर

देशावरून, कोकणातून किंवा खानदेशातून बडोद्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास आजवर बहुधा सरदारांच्या सनदा, दिवाणांचे कारभार, ग्रंथमाला आणि साहित्य संमेलने यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. या कुटुंबांतील लहान मुले नव्या शहरात कुठवर हिंडत, कोणाच्या सोबतीने हिंडत आणि त्यांच्या हिंडण्यातून घरातल्या मोठ्यांना शहराची ओळख कशी होत गेली, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. वस्तुतः ज्या गावची भाषा वेगळी, खाणेपिणे वेगळे आणि शेजारधर्माची रीतही वेगळी, अशा गावात पाय रोवताना मूल हे कुटुंबाचे पहिले निमित्त ठरते. शेजारच्या ओट्यावर खेळायला गेलेल्या पोराला जेवायला बोलावण्यासाठी आईला दाराबाहेर यावेच लागते, आणि त्या पोराने उचललेली गुजराती वाक्ये घरात शिरतात ती कोणी शिकवण्या लावल्या म्हणून नव्हे. बडोद्याच्या बाबतीत असे म्हणता येते की मराठी मुलाचे शहर सुमारे दीडशे वर्षे वाड्याचा चौक आणि पोळीचे तोंड यांच्यापुरते राहिले, आणि १८७९ ते १९१३ या साडेतीन दशकांत उद्यान, संग्रहालय, सक्तीची शाळा व ग्रंथालय यांनी ते विश्वामित्री नदीपर्यंत वाढवले. मात्र ही वाढ सर्व मुलांच्या वाट्याला सारखी आली नाही.

जुने बडोदे हे गुजरातच्या सुलतानांच्या काळात वसलेले, तटबंदीचे, जवळजवळ चौकोनी शहर होते. त्याच्या चार दिशांना चार दरवाजे होते : पूर्वेस पाणीदरवाजा, पश्चिमेस लहेरीपुरा, उत्तरेस चांपानेर आणि दक्षिणेस गेंडी. या दरवाजांना जोडणारे दोन सरळ रस्ते जिथे एकमेकांस छेदतात तिथे मांडवी, म्हणजे चारही बाजूंनी कमानी असलेला मंडप, उभा आहे. पिलाजीराव गायकवाडांच्या स्वाऱ्यांनंतर १७३४ पासून शहर गायकवाडांच्या ताब्यात स्थिरावले आणि त्यांच्याबरोबर शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य, स्वयंपाकी असा मोठा मराठी परिवार तटाच्या आत आणि पुढे तटाबाहेर राहू लागला. तटाबाहेरच्या पेठांच्या नावांतून या वसाहतीचा कालानुक्रम आजही वाचता येतो. रावपुरा हे नाव दिवाण रावजी आप्पाजींवरून आणि बाबाजीपुरा हे त्यांचे बंधू बाबाजी आप्पाजींवरून पडले. फत्तेपुरा फत्तेसिंहराव गायकवाडांची आठवण ठेवतो. दांडियाबाजार, घडियाळी पोळ आणि रावपुरा हे मराठी वस्तीचे कणखर गाभे ठरले, तरी त्यांच्या भोवती गुजराती वाणी, नागर, पाटीदार, बोहरी आणि मुसलमान कारागीर यांची घरे होतीच. निव्वळ मराठी असे मोठे क्षेत्र बडोद्यात कधी झाले नाही, ही गोष्ट पुढच्या विवेचनात महत्त्वाची आहे.

या शहरात राहण्याचे दोन साचे शेजारी शेजारी नांदत होते. पहिला साचा पोळीचा. पोळ म्हणजे दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांची अरुंद गल्ली. तिला बहुधा एकच तोंड असे, त्या तोंडावर रात्री बंद होणारा दरवाजा असे, आणि आतली बहुतेक कुटुंबे एका जातीची किंवा एका व्यवसायाची असत. पोळीतल्याच एखाद्या घरसमूहाने आपल्यापुरते लहान अंगण राखले की तिला खडकी म्हणत. पोळीच्या मोकळ्या जागी चबुतरा, म्हणजे पक्ष्यांना दाणे टाकण्यासाठी खांबावर उभारलेली छत्री, असे. आणि प्रत्येक घरापुढे बसण्याचा ओटा असे. दुसरा साचा मराठी वाड्याचा : दिंडीदरवाजा, त्यालगत पहारेकऱ्यांची देवडी, आत चौक, चौकाभोवती सोपा, आणि माजघराकडे जाणारी आडवळणाची वाट. पोळीतले घर रस्त्याकडे तोंड करून बसते आणि वाडा रस्त्याकडे पाठ फिरवतो, हा या दोहोंतला खरा फरक होय. बडोद्यात पुढे दोहोंची सरमिसळ झाली. वाड्यांनी गुजराती सुतारांकडून कोरीव खांब, घोडे, म्हणजे सज्जाला टेकू देणारे लाकडी आधार, आणि सज्जे घेतले, आणि पोळीत राहायला गेलेल्या मराठी कारकुनांनी चार फुटांच्या ओट्यावर चौकाचे काम भागवले.

मुलांच्या दृष्टीने या फरकाचे परिणाम मोठे होते. सरदाराच्या वाड्यात वाढणाऱ्या मुलाला बाहेरचे शहर दिसे ते बहुधा स्वारीच्या निमित्ताने. दसऱ्याची मिरवणूक, अंबारीचे हत्ती, बैल जुंपलेल्या सोन्यारुप्याच्या तोफा, अगडात, म्हणजे झुंजींच्या बंदिस्त मैदानात, होणारी साठमारी, म्हणजे चिडवलेल्या हत्तीशी माणसांनी खेळायचा जीवघेणा खेळ, हे सर्व पाहायला मुले नेली जात. परंतु ती नोकराच्या खांद्यावरून किंवा सज्जातून पाहत आणि पाहणे संपले की परत चौकात येत. घरातील स्त्रिया गोषात असल्याने मुलाचे बोट धरून गल्लीत हिंडणारी आई या थरात दुर्मीळच होती. याउलट पोळीत भाड्याने राहणाऱ्या कारकुनाच्या किंवा भिक्षुकाच्या मुलाचे जग लहान असले तरी उघडे होते. पोळीचा दरवाजा त्याच्यासाठी कुंपणाचे काम करी. आत वाहने येत नसत, प्रत्येक ओट्यावर कोणी ना कोणी वडीलधारे बसलेले असे, आणि चार वर्षांचे मूल एकटे चबुतऱ्यापर्यंत गेले तरी त्याच्यावर दहा डोळे असत. पोळीने परक्या कुटुंबाकडे संशयाने पाहिले तरी त्या कुटुंबातल्या पोराला मात्र ती सहसा लवकर आपले म्हणत असे.

वाड्याच्या भिंतीआड वाढणाऱ्या मुलाला शहर कोणत्या रूपात भेटत असेल, याची कल्पना तांबेकर वाड्यावरून करता येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बडोद्याचे दिवाण असलेले भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यांवरील भित्तिचित्रे प्रसिद्ध आहेत. कृष्णलीला आणि महाभारतातील प्रसंग यांच्या जोडीला तिथे मराठे व इंग्रज यांच्या लढाईचे, पलटणीचे आणि समकालीन वेशभूषेतील स्त्रीपुरुषांचे चित्रण आहे. दारांच्या चौकटीवरचे आणि खिडक्यांमधले अरुंद पट्टेसुद्धा चित्रकारांनी मोकळे सोडलेले नाहीत. मोठ्यांच्या नजरेला ही दिवाणखान्याची शोभा होती. बैठकीच्या उंचीवर, म्हणजे गादीवर बसलेल्या माणसाच्या किंवा उभ्या राहिलेल्या पोराच्या डोळ्यांसमोर, येणाऱ्या आकृत्या पाहिल्या म्हणजे हेही ध्यानात येते की दाराबाहेर फारसे न जाणाऱ्या लेकरांना टोपीवाल्या शिपायाची पहिली ओळख इथेच होत असणार.

परक्या शहरात येऊन पडलेले बडोद्याच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध मूल खुद्द गादीवरच बसले. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर, खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गायकवाड घराण्यातील बारा वर्षांच्या गोपाळरावास मे १८७५ मध्ये दत्तक घेतले आणि त्याचे नाव सयाजीराव ठेवले. शेतकरी घरातून आलेल्या या मुलासाठी त्याच वर्षाच्या अखेरीस एफ. ए. एच. एलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली खास शाळा सुरू झाली, तिच्यात त्याच्या भावांबरोबर सरदारांची मुलेही बसत, आणि मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास त्याच्या माथी एकदम आला. सयाजीरावांच्या चरित्रकारांनी या शिक्षणाच्या शिस्तीचे पुष्कळ वर्णन केले आहे. त्यांच्या पुढील कारभाराकडे पाहताना मात्र आणखी एक गोष्ट सुचते : अपरिचित शहर, अपरिचित भाषा आणि कोंडलेला दिनक्रम यांचा अनुभव ज्याने बाराव्या वर्षी घेतला, त्याच्या राज्यात मुलांनी घराबाहेर पडावे यासाठी जेवढ्या संस्था निघाल्या तेवढ्या त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या संस्थानात निघाल्या असतील, असे वाटत नाही. हा संबंध कागदपत्रांनी सिद्ध करण्याजोगा नाही, तरी तो नजरेआड करण्याजोगाही नाही. त्यांच्या स्वतःच्या मुलांचे जग पुन्हा आवाराच्या आतलेच राहिले, हा त्यातला विरोधाभास. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात त्यांच्यासाठी बांधलेल्या शाळेच्या इमारतीत आज महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे.

मुंबई आणि अहमदाबाद यांच्यामधील लोहमार्ग १८६४ मध्ये सलग झाल्यानंतर बडोद्याकडे येणाऱ्या मराठी माणसांचा प्रकार बदलत गेला. आधीचे लोक घोडदळाबरोबर किंवा आश्रयदात्याच्या मागोमाग येत आणि सरदाराच्या पागेच्या, म्हणजे घोड्यांच्या तबेल्याच्या व त्याभोवतीच्या वस्तीच्या, आधाराने राहत. आता पदवीधर शिक्षक, हिशेबनीस, अभियंते, वकील आणि मुद्रक बायकामुलांना घेऊन आगगाडीने येऊ लागले आणि भाड्याची घरे शोधू लागले. त्यांना पागा नव्हती, वाडा नव्हता, आणि गावाकडची आजीही बहुधा सोबत नव्हती. लहान मुलांना दिवसभर कुठे न्यायचे हा प्रश्न या थरातच पहिल्यांदा उभा राहिला आणि संस्थानने त्याचे उत्तर, बऱ्याच अंशी अभावितपणे, एका बागेच्या रूपाने दिले.

ही बाग म्हणजे विश्वामित्रीच्या काठची सयाजीबाग, जिला शहर आजही कामाठीबाग म्हणते. सयाजीराव अज्ञान असताना, दिवाण सर टी. माधवराव यांच्या कारकिर्दीत, जानेवारी १८७९ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तिचा विस्तार शंभर एकरांहून अधिक आहे आणि नदी तिच्या मधून वाहते. शहराच्या तटाबाहेर, स्टेशनच्या आणि इंग्रजी छावणीच्या वाटेवर ती असल्यामुळे दांडियाबाजारातून किंवा रावपुऱ्यातून मुलांना घेऊन पायी जाता येईल आणि दिवेलागणीपूर्वी परतता येईल, एवढ्याच अंतरावर ती पडते. प्रवेशाला मोल नव्हते. या साध्या गोष्टीचे महत्त्व आज कळणे कठीण आहे. देवळात जायचे तर सोवळेओवळे, नातलगाकडे जायचे तर निमित्त, बाजारात जायचे तर पैसा लागे, आणि यांपैकी काहीही नसताना कुटुंबाने घराबाहेर जाऊन बसावे अशी जागाच त्यापूर्वी शहरात नव्हती. सूरसागर तलावाचा काठ तेवढा होता, पण त्याच्या खोल पाण्यामुळे लहान मुलांच्या आया तिथे फार वेळ थांबत नसाव्यात.

बागेत प्राणिसंग्रहालय होते, आणि त्याच्याही आधी नदी होती. विश्वामित्रीत मगरी आहेत. शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत रानटी मगरी नांदत असल्याचे उदाहरण जगात विरळा, आणि पूल ओलांडताना कठड्याला लोंबकळणाऱ्या पोराला आवरण्यासाठी बडोदेकर आईला दुसऱ्या कोणत्या बागुलबुवाची गरज कधी पडली नाही. पाणी ओसरल्यावर चिखलाच्या काठावर पसरलेली, तोंड उघडे टाकून ऊन घेणारी मगर पहिल्यांदा लाकडाच्या ओंडक्यासारखी दिसते आणि ती हलली म्हणजे मुले किंचाळतात. १९०७ मध्ये बागेच्या दाराशी सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा बसला तेव्हापासून तो चौक ‘काळा घोडा’ झाला. पुतळ्यातला महाराज बाजूला राहून घोड्याचेच नाव चालावे, यात मुलांच्या बोलण्याचा वाटा असणार असे मानायला हरकत नाही.

बागेतले संग्रहालय १८८७ मध्ये स्थापन झाले आणि त्याची सध्याची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. मेजर चार्ल्स मँट यांनी सुरू केलेली लक्ष्मीविलासची कामगिरी पुढे नेणारे वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांचाच हात या इमारतीलाही लागला आहे. शेजारचे चित्रदालन १९१४ मध्ये बांधून झाले; परंतु युरोपात विकत घेतलेली चित्रे महायुद्धामुळे तिकडेच अडकून पडली आणि दालन उघडायला १९२१ उजाडले. संग्रहालयांचा इतिहास लिहिणारे या चित्रांचे मोल सविस्तर सांगतात. मुलांच्या पिढ्यांनी मात्र इजिप्तची ममी आणि देवमाशाचा सांगाडा या दोनच वस्तूंवर संग्रहालय ओळखले. महीच्या मुखाशी किनाऱ्याला लागलेल्या निळ्या देवमाशाचा तो सांगाडा वीस मीटरांहून लांब आहे. त्याच्या जबड्यापासून शेपटीपर्यंत चालत जाताना लहान मुलाची पन्नासेक पावले सहज होतात, आणि समुद्र न पाहिलेल्या मुलाला समुद्राचे माप त्यातून जसे कळते तसे पाठ्यपुस्तकातून कळणे शक्य नाही.

तथापि हीच बाग बडोद्याच्या परिसराच्या मर्यादेची साक्षही देते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. भीमराव आंबेडकर १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहायला घर मिळाले नाही. पारशी विश्रामगृहात नाव बदलून काढलेले थोडे दिवस काठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपवले, आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंतचे तास त्यांनी कामाठीबागेत बसून काढले. त्या वेळी निराधार मुलाला व्हावी तशी आपल्या आईवडिलांची आठवण झाल्याचे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. बाग सर्वांना खुली होती आणि पोळ नव्हती, वाडा नव्हता, खाणावळही नव्हती. ज्या पोळीने मराठी कारकुनाच्या मुलाला ओट्यावर जागा दिली, तिच्याच दारातून अस्पृश्याचे मूल आत जाऊ शकत नव्हते. संस्थानने १८८० च्या दशकातच अंत्यजांच्या, म्हणजे अस्पृश्य मानलेल्यांच्या, मुलांसाठी वेगळ्या शाळा काढल्या होत्या व त्या काळी ते धाडसच होते. परंतु वेगळी शाळा म्हणजे शाळेपर्यंतची वाटही वेगळी, आणि शेजार घडतो तो वाटेवर.

शाळेच्या सक्तीने ही वाट सर्वांसाठी थोडीफार एकत्र आणली. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो कायद्याने सगळ्या राज्याला लागू केला. मुलग्यांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा होती, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दंड होई. दंडाची वसुली, गैरहजेरीची नोंद आणि पालकांची कुरकुर यांच्याबद्दल शिक्षणाच्या इतिहासात पुष्कळ लिहिलेले आहे. परिसराच्या दृष्टीने पाहता या कायद्याने सात वर्षांच्या मुलीला रोज घराबाहेर पडण्याचा हक्कच दिला. शहरात गुजरातीबरोबर मराठी शाळाही होत्या, त्यामुळे मराठी मुलीला कधी कधी जवळची गुजराती शाळा ओलांडून दूरच्या मराठी शाळेत जावे लागे. त्या जास्तीच्या अंतराने तिला जेवढी आळी पाहायला मिळाली तेवढी तिच्या आईने जन्मात पाहिली नसेल.

शहर कसे पाहावे याचा शास्त्रोक्त धडा बडोद्याला एका स्कॉटिश पाहुण्याने दिला. जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये आपले नगररचनेचे प्रदर्शन भरवण्यासाठी हिंदुस्थानात आले, थोरला मुलगा अ‍ॅलेस्डेअर त्यांच्या मदतीला होता, आणि १९१६ मध्ये त्यांनी बडोदे शहराच्या विकासाविषयी अहवाल दिला. नकाशावर सरळ रेघ ओढून जुनी वस्ती पाडणाऱ्या अभियंत्यांना त्यांचा विरोध होता. गल्लीबोळ पायी हिंडून, घर न् घर पाहून, अगदी मोडकळीला आलेले तेवढेच काढावे आणि रिकाम्या झालेल्या जागेत झाड, पार किंवा मुलांना खेळायला अंगण करावे, ही त्यांची रीत त्यांनी हिंदुस्थानातील अनेक शहरांत सुचवली. त्यांनी स्वतःच्या मुलांना एडिंबरामध्ये बरीच वर्षे घरीच, बागेत आणि पायी भटकंतीत शिकवले होते, आणि त्यांची मुलगी नोरा हिने तिथल्या दाट वस्तीच्या पडक्या जागांत लहान बागा उभारण्याचे काम केले होते. म्हणून पोळीसारख्या वस्तीकडे पाहताना त्यांना तिच्यात घाणीआधी अंगण दिसले, हे नवल नव्हे. गेडिसांच्या सूचनांपैकी किती अमलात आल्या हा वेगळा विषय आहे आणि त्याचे उत्तर फारसे उत्साहवर्धक नाही. तरी जुने शहर मुलाच्या उंचीवरून आणि मुलाच्या चालीने पाहावे, असे जवळजवळ म्हणणारा तो पहिला नगररचनाकार होता.

ग्रंथालयाची हकीकत याहून समाधानकारक आहे. अमेरिकेच्या प्रवासात तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहून आलेल्या सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावले, आणि स्वतःच्या संग्रहातील सुमारे वीस हजार पुस्तकांच्या आधाराने मध्यवर्ती ग्रंथालय सुरू केले. बॉर्डन १९१३ मध्ये परतले तोवर खेड्यापाड्यांत पेट्यांतून पुस्तके पाठवणाऱ्या फिरत्या ग्रंथालयांसह सगळी यंत्रणा चालू झाली होती. मांडवीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते व मुलांच्या विभागात पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले असत. लहान मुलाने ग्रंथालयात यावे, त्याने बोलावे, खेळावे आणि मन झाले तर पुस्तक उघडावे, ही कल्पना तेव्हाच्या हिंदुस्थानात अगदी नवी होती. पंतोजीच्या छडीखाली अक्षर गिरवणे हाच मुलाचा आणि पुस्तकाचा सर्वमान्य संबंध असताना ती अंमळ चावटपणाचीच वाटली असेल. बाग मुलाला आईसकट बाहेर काढत होती, तेच काम ग्रंथालयाने बाजाराच्या ऐन मध्यात केले, कारण मुलांचा आणि स्त्रियांचा विभाग एकाच छपराखाली असल्याने मुलाला पोहोचवायला आलेल्या बाईला स्वतःसाठी पुस्तक पाहता येई.

१९१२ मध्ये बडोद्यात गुजराती साहित्य परिषद भरली त्या सुमारास सयाजीरावांनी देशी भाषांतील ग्रंथांसाठी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला आणि त्यातून गुजराती व मराठीत श्रीसयाजी साहित्यमाला निघाली; तिच्या जोडीची श्रीसयाजी बालज्ञानमाला मुलांसाठी आणि नवशिक्या वाचकांसाठी होती. त्यामुळे एकाच पोळीतल्या शेजारच्या घरांत एकच मालिका दोन भाषांत वाचली जाण्याची सोय झाली. व्यायामाच्या बाबतीत असाच समाईकपणा दांडियाबाजारातील जुम्मादादा व्यायाममंदिराने आणला. जुम्मादादा या मुसलमान उस्तादांचे नाव लावणारी ही तालीम त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी नावारूपाला आणली. सामुदायिक कवायतीचे इंग्रजी हुकूम काढून त्यांनी देशी भाषेतले हुकूम रूढ केले, आणि लेझीम, मल्लखांब, जोर यांच्यासाठी मराठी व गुजराती पोरे पहाटे एका मातीत उतरू लागली.

उत्सवांची देवघेव फार सांगण्याचे कारण नाही, ती बडोद्यात सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. देवदिवाळीला नरसिंहजींच्या पोळीतून निघणारा नरसिंहजींचा वरघोडा, म्हणजे देवाच्या लग्नाची मिरवणूक, मराठी मुलांनी आपला मानला. भोंडल्याच्या फेराला सरावलेल्या मुलींना गरब्याचा फेर परका वाटण्याचे कारण नव्हते. आणि उत्तरायणाच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीला, तिळगूळ वाटायला निघालेला मराठी मुलगा गच्चीवरच्या पतंगांमुळे घरोघर पोहोचण्याआधीच कोणत्या तरी माळ्यावर अडकत असे. उलट दिशेने गणेशोत्सव गेला आणि गुजराती पोळींनी तो असा उचलला की आज त्याचे मूळ विचारण्याची कोणास गरज वाटत नाही.

लहान मुलांच्या शिक्षणाचा पुढचा टप्पा बडोद्याच्या बाहेर, भावनगरात, घडला. पण त्यातही परमुलखात आलेली मराठी बाई आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले आणि काही वर्षांतच ताराबाई मोडक लहान मुलीला घेऊन तिथे दाखल झाल्या. वर्गाच्या भिंतीपेक्षा अंगण, झाड, मुंगी आणि शेजार यांना बालशिक्षणाचे साधन मानण्याची दृष्टी त्यांनी गुजरातीत कमावली, आणि १९४५ नंतर बोर्डी व कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी पाड्यांवर नेली. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, हंसा मेहता त्याच्या कुलगुरू झाल्या, आणि गृहविज्ञान शाखेने चालवलेल्या चेतन बालवाडीत पोळीतल्या ओट्यावर आपोआप घडणारे बालसंगोपन अभ्यासाचा विषय झाले.

त्याच वर्षी, मे १९४९ मध्ये, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० मध्ये गुजरातेत गेले. मराठी कुटुंबे हळूहळू विश्वामित्रीच्या पलीकडे अलकापुरीत, अलीकडे कारेलीबागेत, आणि पुढे आणखी दूरच्या सोसायट्यांत राहायला गेली. मराठी शाळांचे वर्ग ओस पडत गेले आणि मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात बसू लागली. २०१८ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पुन्हा बडोद्यात भरले तेव्हा मंडपात येणाऱ्या स्थानिक कुटुंबांतील आजोबा मराठी वाचणारे, मुलगा मराठी बोलणारा आणि नातू मराठी समजणारा, अशी उतरंड सर्रास दिसणारी होती. या नातवंडांसाठी मांडवी, लहेरीपुरा आणि तांबेकर वाडा ही सुटीच्या दिवशी मोटारीत बसून पाहायला जाण्याची ठिकाणे झाली आहेत. कामाठीबागेत मात्र त्यांच्या पणज्यांप्रमाणेच ती अजूनही चालत फिरतात, आणि मगर दिसली तर थांबतात.